सर्व्हरची हजेरी

शाळेंत सकाळच्या पहिल्या तासाला हजेरी होते. शिक्षकानें नांव घ्यावें, मुलानें ‘हजर’ म्हणावें, असा हा साधा विधि. परंतु ज्यानें चार वर्षें वर्गावर काढलीं आहेत त्यास हें पुरतें ठाऊक असतें कीं, ‘हजर’ म्हणणाऱ्याचें चित्त पुष्कळदां मैदानावर असतें, आणि क्वचित् प्रसंगीं तर त्याच्या वतीनें शेजाऱ्यानेंच आवाज दिलेला असतो. हजेरीनें मूल वर्गांत आहे एवढें कळतें. त्यास धडा येतो किंवा नाहीं, हें त्याला उभें करून विचारल्यावांचून कळत नाहीं.

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षाची देखरेख कांहीं वर्षांपासून मजकडे आहे. तेथील सर्व्हर नामक यंत्राची परीक्षा आम्ही दर शनिवारीं घेतों. जें यंत्र चालू आहे, ज्याचा हिरवा दिवा लुकलुकत आहे, त्याची परीक्षा ती कसली घ्यावयाची, असा प्रश्न शिक्षकवर्गांतील मित्रांनीं मला अनेकदां केला आहे. त्यांस चहाच्या सुटींत पुरेसें उत्तर देणें कधींच जमलें नाहीं. म्हणून तें येथें लिहून देण्याचें योजिलें आहे.

सर्व्हर म्हणजे सेवा करणारा. नांव भारदस्त असलें तरी आमचा सर्व्हर दिसावयास एक काळा डबा आहे. जिन्याखालच्या खोलींत, जुने नकाशे व तुटके बांक ह्यांच्या सहवासांत तो राहतो. मात्र त्याच्या पोटांत पांचसहा निरनिराळे नोकर काम करीत असतात. एक जण कक्षांतील प्रत्येक संगणकाला त्याचा पत्ता वांटून देतो. दुसरा नांवांचे आंकडे करून सांगतो. कारण आपण संकेतस्थळाचें नांव लिहितों, पण यंत्रें एकमेकांस ओळखतात तीं आंकड्यांनीं. तिसरा बाहेरच्या जगांतून पानें आणून देतो, चौथा छपाईचें काम पाहतो, पांचवा मुलांनीं केलेलें काम जपून ठेवतो. आणि एकाकडे सारा मराठी विकिपीडिया सांठविलेला आहे, तो बाहेरची जोडणी तुटली तरी मुलांना वाचतां येतो. हे सगळे एकाच डब्यांत राहत असले तरी त्यांची झोप व जाग एकत्र नसते. पत्ते वांटणारा जागा असून नांवें सांगणारा निजलेला असूं शकतो, आणि बाहेरचा हिरवा दिवा दोन्ही वेळीं तसाच लुकलुकतो.

आतां हें सारें एवढ्या काळजीनें कोणासाठीं? आमच्याकडे येणारीं मुलें कांहीं वसईच्या केळीच्या व फुलांच्या वाड्यांतून येतात, कांहीं नालासोपारा व विरार येथील चाळींतून आणि नव्या इमारतींतून, कांहीं पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवरून. त्यांतील पुष्कळ घरांत एकच मोबाइल आहे, आणि तो सकाळच्या लोकलनें वडिलांबरोबर चर्चगेटकडे जातो. अशा मुलाला जिन्याखालचा हा डबा हेंच जगाकडे उघडणारें एक दार आहे. तें लागलें, तर दुसरें नाहीं.

परीक्षेची पहिली पायरी हजेरीचीच. तिला ‘पिंग’ म्हणतात. डिसेंबर १९८३ मध्यें अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांत, सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरींत काम करणाऱ्या माइक मूस ह्यांनीं आपल्या जाळ्यांतील एक बिघाड शोधण्यासाठीं हा लहानसा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी पाण्यांत ध्वनि सोडते व तो कशावर तरी आपटून परत आला म्हणजे पुढें कांहीं आहे हें ओळखते. त्या ध्वनीवरून हें नांव पडलें. आपल्या संगणकानें सर्व्हरकडे एक छोटासा निरोप धाडावयाचा आणि सर्व्हरनें तोच परत पाठवावयाचा, एवढेंच त्याचें काम. वसईच्या माणसास हें समजावण्यासाठीं पाणबुडीचीहि गरज नाहीं. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्यानंतर येथील चर्चमधील घंटा महाराष्ट्रांतील निरनिराळ्या देवळांत गेल्या असें सांगतात. नाशिकच्या नारोशंकर मंदिरांत अशीच एक पोर्तुगीज घंटा असून तिच्यावर १७२१ हें साल कोरलेलें आहे. घंटा शाबूत आहे कीं तिला तडा गेला आहे, हें तिच्याकडे कितीहि निरखून पाहिलें तरी समजत नाहीं. टोला द्यावा लागतो.

पिंग आणखी एक गोष्ट सांगतें, ती म्हणजे उत्तरास लागलेला वेळ. आमच्या कक्षांतील तारेवरून उत्तर यावयास सेकंदाचा हजारावा भागहि लागत नाहीं. तोच निरोप सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत गेला, तर जाण्यायेण्यांत जवळजवळ अर्धा सेकंद मोडतो. प्रकाशाच्या वेगापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. म्हणून जवळच्या यंत्राचें उत्तर उशिरां येऊं लागलें, म्हणजे तार कोठें तरी दुखते आहे असें मी समजतों. उंदीर हाहि ह्या शास्त्रांतील एक विषय आहे.

परंतु पिंगचें उत्तर आलें कीं परीक्षा संपली असें मानणें म्हणजे हजेरीपुस्तकावरून गुण देण्यासारखें आहे. दुसरी पायरी दारांची. सर्व्हरला ६५,५३५ क्रमांकित दारें असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. संकेतस्थळांची पानें देणारा ८० व ४४३ ह्या दारांशीं बसतो, नांवें सांगणारा ५३ शीं, छपाईवाला बहुधा ६३१ शीं. आम्ही एकेका दारावर टकटक करतों. येथें मुलांची एक गंमत होते. कधीं ‘जोडणी नाकारली’ असें उत्तर तत्काळ येतें, आणि कधीं कांहींच येत नाहीं, नुसती वाट पाहावी लागते. मुलें नकाराला भितात. मला विचाराल तर नकार पुष्कळ बरा. नकार देणारा घरांत आहे; यंत्र जिवंत आहे, तार शाबूत आहे, फक्त त्या दाराशीं बसणारा नोकर उठून गेला आहे. त्याला हांक मारून बसविलें कीं काम झालें. शांततेचा अर्थ मात्र लागत नाहीं. यंत्र बंद असेल, तार तुटली असेल, किंवा मधल्या पहारेकऱ्यानें, म्हणजे फायरवॉलनें, निरोप गिळून टाकला असेल. शांतता पाहून निष्कर्ष काढणारा विद्यार्थी मीं अजून एकहि बरोबर आलेला पाहिला नाहीं.

तिसऱ्या पायरीला खरा प्रश्न विचारावयाचा. ८० क्रमांकाच्या दाराशीं जाऊन मुलें हातानें दोन ओळी टंकून अमुक पान द्या म्हणून मागतात. उत्तराच्या पहिल्या ओळींत एक आंकडा असतो. २०० म्हणजे घ्या, ४०४ म्हणजे असें पान येथें नाहीं, ५०० म्हणजे मजकडेच घोटाळा झाला आहे. २०० पाहून मुलें टाळ्या पिटतात, पण २०० सांगून कोरें पान हातीं देणारे नोकरहि असतात. म्हणून त्या पानांत असावयासच हवा असा एखादा शब्द सांपडतो कीं नाहीं, तें आम्ही पाहतों. नांवें सांगणाऱ्याला तीन नांवें विचारतों: एक शाळेंतल्या यंत्राचें, एक बाहेरच्या जगांतील, आणि एक मुलांनीं तेथल्या तेथें रचलेलें, जगांत कोठेंहि नसलेलें. तिसऱ्या नांवाला ‘नाहीं’ असेंच उत्तर आलें पाहिजे. जो कोणत्याहि नांवाला होकार देतो त्याच्या होकाराची किंमत काय? पूर्वीं अशीं सर्व नांवें एकाच यादींत लिहीत व ती यादी कॅलिफोर्नियांतील एका संस्थेंत राखीत; यंत्रें वाढलीं तशी यादी आटोपेना, आणि १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं नांवांचा कारभार अनेकांत वांटून देणारी डी.एन.एस. पद्धति योजिली. एकाच वर्षांत पिंग आणि डी.एन.एस. दोन्ही जन्मास आलीं, ह्याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

येथवर सारें पुस्तकांत मिळण्यासारखें आहे. परीक्षा कोठें बसून घ्यावयाची, हें मात्र पुस्तकापेक्षां वर्ग अधिक चांगलें शिकवितो. जिन्याखालच्या खोलींत जाऊन सर्व्हरच्याच कळफलकावरून त्याला प्रश्न विचारणें फार सोयीचें असतें. प्रत्येक यंत्राला स्वतःशीं बोलण्यासाठीं १२७.०.०.१ हा एक घरगुती पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर विचारलें कीं बहुधा सारें यथास्थित असतें. पण एखाद्या नोकराला फक्त ह्याच पत्त्यावर कान देण्यास सांगितलेलें असलें, तर तो घरच्या माणसांशीं गोड बोलेल व दाराशीं आलेल्यास ओळखहि देणार नाहीं. शिवाय सर्व्हर आणि शेवटचें बांक ह्यांच्यामध्यें किती तारा, किती डबे, किती सैल खोंबण्या असतात, ह्यांतील एकीचीहि परीक्षा त्या खोलींत बसून होत नाहीं.

ह्या बाबतींत एक उदाहरण आपल्या जवळचेंच आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत खैराट नांवाची लहानशी वस्ती आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेंत २००७ सालीं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ह्या योजनेचे हिरवे-पांढरे छोटे संगणक मुलांच्या हातीं आले. निकोलस निग्रोपाँटी ह्यांच्या ह्या योजनेंत प्रत्येक शाळेस एक सर्व्हर कल्पिलेला होता. पत्ते द्यावे, नांवें सांगावीं, पानें सांठवावीं, कोणता मुलगा जोडलेला आहे तें सर्वांस दाखवावें आणि मुलांच्या कामाची प्रत राखावी, अशीं त्याचीं कामें ठरविलेलीं होतीं. विशेष असा कीं, संगणकांनीं एकमेकांच्या आधारें बिनतारी जाळें विणावें, म्हणजे दूर बसलेल्या मुलाचा निरोप मधल्या मुलाच्या संगणकावरून पुढें जावा, अशी रचना त्यांत होती. अशा शाळेंत मुलेंच जाळें होतात. मग मुलांच्या जागीं बसल्यावांचून त्याची परीक्षा कोण कशी घेणार? तो प्रयोग पुढें किती टिकला, हा प्रश्न वेगळा. सर्व्हरची परीक्षा मुलाच्या बांकावरून घ्यावी, हा विचार मला त्या आराखड्यावरून प्रथम सुचला.

आणि एका वर्षीं त्याचा उपयोग झाला. दहावीचा निकाल लागून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे दिवस चालू होते. ह्या अर्जाच्या दुसऱ्या भागांत महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरावयाचे असतात व त्यास मुदत असते. घरीं साधन नसलेल्या मुलांसाठीं आम्ही कक्ष दिवसभर उघडा ठेवला होता. शेवटच्या दिवशीं दुपारीं वीस संगणकांपैकीं नऊ संगणक बाहेर जाईनात. सकाळीं चाललेला संगणक एकदां बंद करून पुन्हां सुरू केला कीं अडे, आणि अडलेला एखादा अकस्मात् चालू लागे. सर्व्हरपाशीं बसलेल्या सहकाऱ्यांनीं आंतून सांगितलें कीं येथें सर्व ठीक आहे; आणि तें खोटें नव्हतें. बाहेर पाऊस, व्हरांड्यांत रांग. रांगेंत वाडींत मजुरी करणारी एक आई मुलीला घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, “सर, आज होईल ना? उद्यां पुन्हां खाडा पडला तर मालक दुसरी बाई बघेल.” मी म्हणालों, “होईल, ताई. तुम्ही आंत येऊन बसा.”

मीं शेवटच्या बांकावरील अडलेल्या संगणकाला त्याचा पत्ता विचारला. आमच्या सर्व्हरनें दिलेले पत्ते १० ह्या आंकड्यानें सुरू होतात. ह्याचा पत्ता १९२.१६८.१ असा सुरू होत होता. पत्ता मुळींच मिळाला नसता तर संगणकानें स्वतःच १६९.२५४ नें सुरू होणारा पत्ता घेतला असता, तेंहि नव्हतें. म्हणजे पत्ता मिळाला होता, पण देणारा निराळा होता! ह्याचें कारण पत्ते वांटण्याच्या रीतींतच आहे. संगणक जागा होतांच सर्वांना उद्देशून हांक मारतो, कोणी मला पत्ता देतां का. आणि जो प्रथम उत्तर देईल त्याचें म्हणणें तो बहुधा मान्य करतो. ओळखपाळख विचारीत नाहीं. जाळ्यांत दोन देणारे झाले कीं त्यांची शर्यत लागते, आणि कोणता संगणक कोणाच्या वांट्यास जाईल ह्याचा नेम राहत नाहीं.

हा दुसरा दाता कोठें बसला आहे, हें शोधण्यासाठीं मी तारांचा नकाशा पसरून बसलों असतां शिपाईमामा दारांत येऊन उभे राहिले. ते म्हणाले, “सर, परवांच्या सत्काराला माइकवाले आले होते, त्यांनीं स्टेजच्या मागें एक दोन शिंगांचा डबा लावून ठेवलाय. त्याचा दिवा रात्रभर चालू असतो. तो तर नव्हे?” तोच होता. गुणवंतांच्या सत्काराचें चलच्चित्र दाखविण्यासाठीं कोणी तरी आपला घरचा वाय-फायचा डबा शाळेच्या भिंतींतील खोंबणींत लावला, व समारंभ आटोपल्यावर हारतुऱ्यांच्या घाईंत तो तेथेंच राहिला. दोन दिवस तो बिचारा आमच्या संगणकांना इमानानें पत्ते वांटीत होता. त्या पत्त्यांवरून कोठेंहि जातां येत नव्हतें, एवढेंच. मामांनीं त्याची तार उपटली, आम्ही नऊ संगणक पुन्हां सुरू केले, आणि त्या मुलीचा अर्ज चारच्या सुमारास गेला. छापलेली पावती आईनें चार घड्या करून प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवली व पिशवीला गांठ मारली. तेव्हांपासून आमच्या परीक्षेंतील पहिला प्रश्न असा आहे: शेवटच्या बांकावरून हांक मारली असतां पत्ता देण्यास किती जण पुढें येतात? उत्तर एक, आणि एकच, यावें लागतें.

घड्याळाचा प्रकार थोडक्यांत सांगतों. वसई-विरारचा पाऊस आणि वीज ह्यांचें नातें जगजाहीर आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत तर येथील वस्त्या पाण्यांत व अंधारांत दीर्घकाळ होत्या. वीज जाऊन सर्व्हर पडला तरी त्यांतील नाण्याएवढ्या सेलवर त्याचें घड्याळ चालत राहतें. एका पावसाळ्यांत तो सेलच संपला होता. वीज आल्यावर सर्व्हर उठला तो कित्येक वर्षें मागच्या तारखेला. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत लिहिलेली असते. आमच्या सर्व्हरच्या हिशेबीं तीं ओळखपत्रें अजून सुरूच झालेलीं नव्हतीं, म्हणून त्यानें साऱ्या जगावर अविश्वास दाखविला. पिंग उत्तम, दारें उघडीं, नांवें बरोबर, आणि पान एकहि येईना. डेव्हिड मिल्स ह्यांनीं १९८५ च्या सुमारास घालून दिलेल्या एन.टी.पी. पद्धतीनें यंत्रें एकमेकांपासून वेळ लावून घेतात. ती सेवा नीट चालते कीं नाहीं, हेंहि आतां आम्ही विचारतों. सेल चाळीसपन्नास रुपयांचा होता.

नववींतील एका चलाख मुलानें मला विचारलें, “सर, आपण दारें वाजवतोंच आहोंत, तर एखाद्या बँकेचींहि वाजवून पाहूं या का?” प्रश्न स्वाभाविक आहे, दारें मोजण्याचीं हत्यारें, उदाहरणार्थ गॉर्डन लायन ह्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेलें एन-मॅप, कोणासहि फुकट मिळतात. मीं त्याला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचीं ४३ व ६६ हीं कलमें वाचावयास दिलीं. मालकाच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या यंत्रांत शिरल्यास भरपाई द्यावी लागते, आणि तें अप्रामाणिकपणानें किंवा कपटानें केलें असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. नुसती टकटक आणि शिरणें ह्यांतील सीमा न्यायालयांत उभें राहून समजून घेण्याची हौस कोणास नसावी. म्हणून आमच्या स्वतःच्या सर्व्हरच्या परीक्षेसहि दरवर्षीं मुख्याध्यापकांचें लेखी पत्र घेतों. कोणतीं यंत्रें, कोणत्या वेळीं, कोणीं, हें त्यांत लिहिलेलें असतें. मुलांना हें हास्यास्पद वाटतें. मला वाटत नाहीं.

कारण परीक्षेंत एकदां निराळेंच निघालें. जुन्या काळीं बाहेरच्या कोणा मंडळींनीं बसविलेल्या एका कप्प्यांत शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती होत्या. मुलांचे पत्ते, जातीचे दाखले, बँकेचे खातेक्रमांक. तो कप्पा कक्षांतील कोणत्याहि संगणकावरून परवलीचा शब्द न विचारतां उघडत होता. तेथें सेवा उत्तम चालली होती! त्या दिवशीं तो बंद केला, आणि वहींत दुसरें पान आंखलें: कोणत्या प्रश्नांना उत्तर मिळतां कामा नये. २०२३ सालीं संसदेनें संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यांत अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें आहे व त्याची माहिती हाताळण्यास पालकांची संमति सांगितली आहे. कायदा नसता तरी एखाद्या मुलाचा दाखला दुसऱ्या मुलाच्या पडद्यावर उघडावा, हें कोणत्या शिक्षकाला चालेल?

ही वही आतां नववींतील मुलेंच लिहितात. महिन्याच्या अखेरच्या शनिवारीं सर्वांत कंटाळवाणी परीक्षा असते, ती राखून ठेवलेल्या प्रतींची. प्रत ठेवली आहे म्हणून भागत नाहीं. ती दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहावी लागते. गेल्या खेपेस आठवींतील मुलींनीं केलेला वसईच्या विहिरींचा व तळ्यांचा नकाशा परत आणला. तीस फायलींपैकीं एकोणतीस उघडल्या. तिसावी, निर्मळच्या तळ्याचें चित्र असलेली, उघडली नाहीं. वही लिहिणाऱ्या मुलानें तेवढी ओळ तांबड्या शाईनें लिहिली आहे, आणि तें चित्र काढणारी मुलगी मधल्या सुटींत येऊन तें सांपडलें का म्हणून विचारून जाते. शोध चालू आहे.